'परिया' : एका शिवीचा जगप्रवास

वर्णद्वेषी धोरणाबद्दल दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या राजवटीवर १९७७ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने सक्तीची शस्त्रबंदी लादली. त्या काळात इंग्रजी वृत्तपत्रे या राजवटीचा उल्लेख 'परिया स्टेट' असा करीत. बहिष्कार न्याय्यच होता. परंतु त्या शब्दात दडलेला अन्याय फारसा कुणाच्या ध्यानी आला नाही. माणसाला जन्मावरून हीन लेखणाऱ्या सत्तेला नाव दिले गेले, ते जन्मावरून हीन लेखल्या गेलेल्या भारतीय माणसांचे!

'परिया' हा शब्द तमिळ प्रदेशातील परैयर या जातिनामावरून इंग्रजीत गेला. 'परै' म्हणजे ढोल. उत्सवात व अंत्ययात्रेत तो वाजविण्याचे काम या जातीकडे असे, म्हणून हे नाव पडले, असे कोशकार सांगतात. प्रत्यक्षात बहुसंख्य परैयर शेतमजूर होते. भातशेती त्यांच्या श्रमावर उभी होती. जमिनीवर मात्र त्यांचा हक्क नव्हता. पुढे साहेबाने गावच्या बेवारशी कुत्र्यालाही हेच नाव दिले. 'बहिष्कृत' या अर्थाने हा शब्द वापरणे चूक आहे, असे १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाने नोंदविले. परंतु तोवर ती चूक जगभर रूढ झाली होती. श्रम करणाऱ्याचे नाव ही शिवी झाली आणि श्रमावर जगणारा सभ्य ठरला.

ज्यांना ही शिवी दिली जात होती, ते मात्र गप्प बसले नाहीत. रेट्टमलई श्रीनिवासन यांनी १८९३ साली मद्रासेत 'परैयन' याच नावाचे पत्र काढले. पुढे हेच श्रीनिवासन डॉ. आंबेडकरांसमवेत गोलमेज परिषदेत बसले. त्या आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' ठेवले होते. पीडिताने स्वतःचे नाव उच्चारून न्याय मागणे आणि इतरांनी ते नाव उपमेसाठी उसने घेणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

याबाबत केवळ इंग्रजीला दोष देऊन मराठी माणसाची सुटका होत नाही. युतीत न घेतलेला पक्ष 'राजकीय अस्पृश्यते'ची तक्रार करतो आणि वृत्तपत्रे ती जशीच्या तशी छापतात. ज्याच्याजवळ आमदार आहेत, निधी आहे, व्यासपीठ आहे, तो कसला अस्पृश्य? पाणवठ्यावरून हुसकावला गेलेला माणूस आणि सत्तेच्या वाटपात मागे राहिलेला पुढारी यांना एकाच शब्दात बसविले की पहिल्याचे दुःख हलके होते व दुसऱ्याचा स्वार्थ पवित्र ठरतो. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर करून तिचे आचरण दंडनीय ठरविले आहे. गुन्ह्याचे नाव हा भाषेचा अलंकार होऊ शकत नाही.

शब्द बदलल्याने भूमिहीनाला जमीन मिळत नाही, हे खरेच. परंतु जो कार्यकर्ता शेतमजुराच्या हक्कासाठी त्याच्या वस्तीत जातो, त्याच्या भाषणात त्या वस्तीचा अपमान असता कामा नये. एकाकी पडलेल्या पक्षाला एकाकी म्हणावे, टाळलेल्या राष्ट्राला टाळलेले म्हणावे. मराठी भाषा त्याकरिता पुरेशी समर्थ आहे. 'अस्पृश्यता' हा शब्द, जोवर ती कोठेही पाळली जाते तोवर, त्या गुन्ह्याविरुद्धच्या आरोपपत्रासाठी राखून ठेवावा.