आवाज कुणाचा?

"अरे आवाऽऽज कुणाचा?"

पुरुषोत्तमला भरत नाट्य मंदिरात हा प्रश्न आला, की आपण घसा फाडून कॉलेजचं नाव घेतो. दुसऱ्या दिवशी वर्गात 'प्रेझेंट सर' म्हणायलाही आवाज फुटत नाही. पण हाच प्रश्न कुणी शांतपणे विचारला तर आपल्याला उत्तर येतं का?

यंदाच्या गॅदरिंगला डीजेने एक जुनं गाणं लावलं. सी अँड सी म्युझिक फॅक्टरी या ग्रुपचं 'गॉना मेक यू स्वेट'. मेकॅनिकलवाल्यांपासून आयटीवाल्यांपर्यंत सगळे नाचले, मीही नाचलो. रूमवर येऊन त्याचा व्हिडिओ पाहिला. एक सडपातळ, देखणी मुलगी जोरदार हातवारे करत गात होती. आवाज मात्र असा, की स्पीकरचा कोन फाटेल! तेव्हाच शंका आली. थोडं शोधलं आणि कळलं, की आवाज तिचा नव्हताच.

तो आवाज होता मार्था वॉश या गायिकेचा. ही बाई काही नवखी नव्हती. सत्तरच्या दशकात सिल्व्हेस्टर या डिस्को गायकाच्या मागे ती आणि इझोरा ऱ्होड्स कोरस गात. दोघीही अंगाने भरपूर, म्हणून जोडीचं नावच 'टू टन्स ओ फन'! पुढे 'द वेदर गर्ल्स' या नावाने त्यांनी 1982 मध्ये 'इट्स रेनिंग मेन' गायलं. डोना समरसारख्या बड्या गायिकांनी नाकारलेलं हे गाणं या दोघींनी जगभर गाजवलं.

म्हणजे गळा सिद्ध झाला होता. पण 1981 मध्ये एमटीव्ही सुरू झालं होतं आणि गाणं आता 'बघायची' गोष्ट झाली होती. 'ब्लॅक बॉक्स' या इटालियन ग्रुपने 1990 च्या 'ड्रीमलँड' अल्बमची बरीच गाणी मार्थाकडून गाऊन घेतली, सेशनचे पैसे हातावर ठेवले आणि कव्हरवर व व्हिडिओत कात्रीन किनॉल ही फ्रेंच मॉडेल उभी केली. त्याच वर्षी 'गॉना मेक यू स्वेट' आलं. फेब्रुवारी 1991 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. व्हिडिओत ओठ हलवत होती झेल्मा डेव्हिस. झेल्मा स्वतः गायिका होती, त्या अल्बममधली इतर काही गाणी तिनेच गायली. दोष तिचा नाही. निर्णय घेणारे वेगळेच होते.

याच ब्लॅक बॉक्सचं 'राईड ऑन टाईम' 1989 मध्ये ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या नंबरावर होतं. त्यातला आवाज लोलीटा हॉलोवेचा, तिच्या 1980 च्या 'लव्ह सेन्सेशन' या रेकॉर्डमधून उचललेला. नाव नाही, गाव नाही. टीव्हीवर ओठ हलवायला पुन्हा तीच मॉडेल!

आता कुणी म्हणेल, "पैसे मिळाले ना मार्थाला? मग रडायचं कशाला?" हा प्रश्न मलाही पडला होता. पण सेशनचे पैसे हे त्या दिवसाच्या कामाचे असतात. पुढचं काम, पुढचा भाव, पुढचा करार मिळतो तो नावावर. नाव पुसलं म्हणजे त्या माणसाचं उद्याचं काम काढून घेतलं.

दुसरा मुद्दा आपल्या घरचा. "आपल्याकडे तर हिरॉईन कायमच दुसरीच्या आवाजावर ओठ हलवतात!" बरोबर. म्हणून तर आपल्याला हे जास्त कळायला हवं. 1949 च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' रेकॉर्डवर कुणाच्या नावाने आलं? 'कामिनी'! म्हणजे मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. गायिका कोण, अशी विचारणा रेडिओकडे होऊ लागली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं. पुढे 1957 मध्ये 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं, तेव्हा समारंभात गायला लतादीदींनी नकार दिला. संगीतकाराला बक्षीस आहे, गाणाऱ्याला का नाही? 1959 पासून पार्श्वगायनाचं बक्षीस सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं. तेव्हा ओठ दुसऱ्याचे असण्यात फसवणूक नाही. आवाजाचं नाव लपवण्यात आहे.

मार्थाही गप्प बसली नाही. ती कोर्टात गेली. ब्लॅक बॉक्सच्या प्रकरणात तडजोड झाली आणि तिला स्वतःच्या अल्बमचा करार मिळाला. 'कॅरी ऑन' हे तिचं स्वतःच्या नावाचं गाणं 1992 मध्ये अमेरिकेच्या डान्स चार्टवर पहिलं आलं. सी अँड सीच्या खटल्याची तडजोड 1994 मध्ये झाली. आणि नाव दिलं की गाणं पडतं म्हणावं, तर तेही खोटं. 1991 मध्ये मार्की मार्कच्या 'गुड व्हायब्रेशन्स'मध्ये लोलीटाचाच आवाज होता, नावासकट, आणि व्हिडिओतही ती स्वतः होती. गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं!

आता हे सगळं मी पॉपचा फॅन म्हणून सांगतोय असं वाटत असेल, तर तसं नाही. खरं कारण सांगतो.

मागच्या वर्षी आमच्या चौघांच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट केला. सर्किट तिने बनवलं, प्रोग्रॅम तिने लिहिला, रात्री दोन वाजता चूकही तिनेच शोधली. मी चहा आणला आणि रिपोर्ट टाईप केला. स्पर्धेच्या फॉर्मवर दोनच नावं बसत होती. तिचं इंग्रजी अडखळतं, स्टेजवर ती घाबरते, म्हणून आम्ही 'प्रोजेक्टच्या भल्यासाठी' दोन बोलकी नावं टाकली. त्यातलं एक माझं. ती एवढंच म्हणाली, "ठीक आहे रे." बक्षीस मिळालं. सहा महिन्यांनी इंटरव्ह्यूत मला त्याच प्रोजेक्टवर प्रश्न आले आणि मी सर्टिफिकेट पुढे केलं. तिच्या फाईलमध्ये तो कागदच नव्हता.

त्या व्हिडिओत ओठ हलवणारा मीच होतो, मित्रांनो. आणि निर्णय घेणाराही मीच. झेल्माला तरी अर्धी माफी आहे, मला तीही नाही.

तिला मी सॉरी म्हटलं. डिपार्टमेंटला चौघांची नावं आणि कुणी काय केलं ते लेखी दिलं. सर्टिफिकेट काही बदललं नाही. पण यंदाच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर नावासमोर काम लिहायचं, असं आम्ही ठरवलंय: सर्किट कुणाचं, कोड कुणाचा, टायपिंग कुणाचं. टायपिंगवाल्यालाही लाज वाटायचं कारण नाही, तेही कामच आहे.

सबमिशनचे दिवस जवळ आलेत. स्पायरल बाइंडिंगला टाकण्याआधी प्रत्येक ग्रुपने एकदा पहिलं पान उघडून हळूच विचारा...

आवाज कुणाचा?