सुरतेची साडी आणि सरहद्दीची भिंत

सुरत हे नाव मराठी माणसाला नवे नाही. १६६४ व १६७० साली शिवछत्रपतींनी त्या शहराची संपत्ती स्वराज्याच्या कारणी लावली, आणि १९०७ साली तेथे भरलेल्या राष्ट्रसभेच्या अधिवेशनात जहाल व मवाळ यांची फारकत झाली, एवढे आपल्याकडील शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु याच सुरतेत पोटामागे गेलेल्या खानदेशी मराठी माणसांची केवढी मोठी वस्ती आहे, याची जाणीव आपल्यापैकी थोड्यांनाच असेल. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. घरात अहिराणी आणि बाजारात गुजराती असा त्यांचा नित्याचा व्यवहार. पुरुष यंत्रमागावर किंवा छपाईच्या कारखान्यात राबतात, आणि अनेक घरांतील स्त्रिया स्वयंपाकपाणी उरकून साड्यांवर खडे व टिकल्या चिकटवीत, काठांना लेस लावीत बसतात. मजुरी नगामागे मिळते. साडी त्यांच्या हाताखालून जाते. परंतु ती विकणारा हात दुसऱ्याचा असतो आणि नफाही त्याचाच.

हा क्रम पालटण्याची संधी अलीकडे ऑनलाइन बाजारपेठांनी आणली आहे, हे मान्य केले पाहिजे. दुकानाची पागडी नको, आढत्याची मनधरणी नको. घरच्या भिंतीवर साडी टांगून तिचे छायाचित्र काढावे, किंमत लिहावी, मागणी आली की गाठोडे बांधून द्यावे. मीशोसारख्या पेढीने २०२१ साली विक्रेत्यांकडून कमिशन घेणे बंद केले, तेव्हा तर सुरतेच्या स्वस्त साडीला देशभरचे गिऱ्हाईक खुले झाले. काल खडे चिकटवणारी गृहिणी आज स्वतःच्या नावाने साडी विकू शकते, ही गोष्ट लहान नव्हे. जी स्त्री मजूर होती ती व्यापारी होते. घरातील तिच्या शब्दाचे वजनही त्यामुळे पालटते.

परंतु या उघडलेल्या दारातच एक भिंत उभी आहे, आणि तिच्याविषयी लिहिणे हे सीमेवरच्या पत्राचे कर्तव्यच आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा ऑनलाइन माल विकणाऱ्यास पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. कोपऱ्यावरच्या दुकानदारास उलाढालीच्या ठराविक मर्यादेपर्यंत नोंदणीची सूट, आणि घरी बसून दहा साड्या विकणारीला मात्र नाही, असा तो उफराटा न्याय होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो काहीसा सुधारला. दुकानदारास जी मर्यादा लागू आहे तीच घरगुती विक्रेत्यासही मिळाली. वस्तूंच्या बाबतीत गुजरात, महाराष्ट्र व कर्नाटक या तिन्ही राज्यांत ती ४० लाख रुपयांची आहे. पॅन देऊन केवळ एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा आणि विक्री सुरू करावी. मात्र अट अशी, की माल आपल्या राज्याबाहेर जाता कामा नये.

या अटीचा अर्थ नकाशा पुढे ठेवून पाहावा. लिंबायतमधील आमच्या भगिनीस आपली साडी दूर कच्छातील भुजला धाडता येते. परंतु जेथे तिचे माहेर आहे, जेथे तिच्या मावशा, आत्या आणि वहिनी तिची पहिली गिऱ्हाइके व्हायची, त्या नंदुरबारला धाडता येत नाही. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. तेथील फलाटाच्या एका टोकापर्यंत तिचा व्यापार कायदेशीर, आणि दुसऱ्या टोकाला पोहोचताच बेकायदा! उच्छल व निझर हा मुलूख १९६० पर्यंत पश्चिम खानदेशातच होता. राज्ये विभागताना कोणी त्याच्यावरून रेघ ओढली, आणि आज ती रेघ एका गृहिणीच्या गाठोड्यावरून जात आहे.

आमच्या वाचकांना हे दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही. शहापूर, वडगाव, खासबागच्या मागांवरची साडी घरबसल्या विकू पाहणाऱ्या बेळगावच्या भगिनीलाही हाच नियम लागू आहे. तिची साडी कोलारला जाईल, बीदरला जाईल; परंतु वेशीपलीकडच्या शिनोळीला, चंदगडला, कोल्हापूरला नोंदणीवाचून जाणार नाही. ज्यांच्याशी भाषा एक, सोयरीक एक, सण एक, ते गिऱ्हाईक तिला परके ठरते. मोठ्या व्यापाऱ्यास मात्र ही सरहद्द दिसतही नाही. त्याच्याकडे हिशेबनीस आहे, वखारी आहेत. नियमाचा भार पडतो तो ज्याच्यापाशी काहीच नाही त्याच्यावर.

यावर कोणी म्हणेल, नोंदणीस शुल्क नाही, मग ती करून का घेत नाहीत? आक्षेप रास्त आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून लहान अर्जदारांना तीन दिवसांत नोंदणी देण्याची सोयही झाली आहे. तथापि नोंदणी म्हणजे केवळ एक क्रमांक नव्हे. धंद्याच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबास घरमालकाची संमती मागावी लागते, आणि धंद्याचे नाव काढताच घरमालक बिचकतो. पुढे ठराविक मुदतीने विवरणपत्रे भरावी लागतात. एकही साडी विकली गेली नाही तरी ती भरावीच लागतात, आणि चुकल्यास दररोज विलंब शुल्क चढत जाते. महिन्याकाठी चार पैसे उरावेत म्हणून धंदा मांडणारीने त्यातले दोन हिशेबनिसास द्यावेत काय?

दुसरा आक्षेप महसुलाचा. राज्याबाहेर जाणाऱ्या मालावरील कर ज्या राज्यात माल पोहोचतो त्याला मिळतो, म्हणून नोंदणी हवी, असे म्हणतात. परंतु सेवा पुरविणाऱ्यांना हीच सवलत ऑक्टोबर २०१७ मध्ये देण्यात आली आहे. २० लाखांपर्यंतची उलाढाल असलेला आराखडेकार बेळगावात बसून कोल्हापूरचे काम नोंदणीवाचून करू शकतो. मग साडी विकणारीनेच काय अपराध केला? शिवाय ऑनलाइन विक्रीतील प्रत्येक गाठोड्याची नोंद बाजारपेठेच्या दप्तरी असते. लपवाछपवीला इतका कमी वाव दुसऱ्या कोणत्या व्यापारात आहे?

यास्तव आमची मागणी स्पष्ट आहे. वस्तू विकणाऱ्या घरगुती विक्रेत्यास निदान २० लाखांच्या मर्यादेपर्यंत परराज्यात विक्री करण्याची मुभा मिळावी. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने अनेक राज्यांत ऑनलाइन विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्यांसाठी सुलभ नोंदणीची कल्पना तत्त्वतः मान्य केली आहे. विचार सुरू झाला आहे, तर तो अर्ध्यावर थांबू नये. त्या परिषदेत गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा या सर्वांचे प्रतिनिधी बसतात. राज्याराज्यांतील सरहद्दीचा प्रश्न सुटेल तेव्हा सुटेल. परंतु माहेरी साडी धाडण्यासाठी त्याची वाट पाहावी लागू नये.

तोवर आमच्या भगिनींना दोन शब्द सांगणे आम्हांस अवश्य वाटते. प्रथम आपल्याच राज्यात, मोजक्या मालावर हात बसवावा. परत येणाऱ्या मालाचा हिशेब आरंभीच धरावा. कारण ऑनलाइन धंद्यात बुडणारे बहुधा विक्रीअभावी बुडत नाहीत, परत आलेल्या गाठोड्यांखाली दबून बुडतात. विक्रीची किंमत म्हणजे नफा नव्हे. कापड, वेष्टन, जाहिरात आणि परतीचा खर्च वजा जाता जे उरेल तेच आपले. स्वतःची मजुरीही खर्चात धरावी. नाहीतर नगामागची जुनी मजुरीच नव्या नावाने पदरात पडेल. धंदा स्थिरावला की महिला मंडळाने वा बचत गटाने एकत्र येऊन एक हिशेबनीस ठेवावा, आणि भीती न बाळगता नोंदणी करून घ्यावी.

भिंत पडेपर्यंत दार झिजवीत राहणे हेच शहाणपण. सुरतेच्या खोलीतून निघालेली साडी एक दिवस उजळ माथ्याने नवापूरचा फलाट ओलांडील, आणि त्या दिवशी बेळगावची साडीही शिनोळीला पोहोचलेली असेल.