कंदील करून देऊ नका, शेजारी बसा



या खेपेस गुरुजींनी सांगितले की, "पाठ केलेला निबंध नको. स्वतःचे मत लिहा." मी दोन दिवस विचार केला. माझे मत असे आहे की, आईबाबांनी मुलांना हातकामाच्या वस्तू बाजारातून आणून देऊ नयेत. आणि स्वतः करूनसुद्धा देऊ नयेत. त्यांनी आमच्या शेजारी बसावे आणि दोघांनी मिळून ती वस्तू करावी. याला पैसे फार लागत नाहीत, हे मी खाली हिशेबासकट लिहिले आहे.

पण आधी मला एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला लाज वाटते, तरी सांगते.

गेल्या वर्षी मी तिसरीत होते. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत आकाशकंदिलांचे प्रदर्शन होते. कंदील आपापला करून आणायचा होता. माझे बाबा मुंबईला कुर्ल्याला गॅरेजमध्ये कामाला असतात. ते गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात. आईने त्यांना फोनवर सांगितले, "पोरीला कंदील पाहिजे." बाबांनी गावच्या एका माणसाबरोबर कंदील पाठवून दिला. सोनेरी कागदाचा, लांब झिरमिळ्यांचा. किंमत साडेतीनशे रुपये. मी त्याला माझ्या नावाची चिठ्ठी लावली आणि प्रदर्शनात ठेवला. माझा पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून रंगीत पेन्सिलींची पेटी मिळाली.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने वहीच्या पुठ्ठ्याचा कंदील केला होता. तो थोडा वाकडा होता. तिला नंबर मिळाला नाही. ती माझ्या कंदिलाजवळ आली आणि म्हणाली, "हे टोक कसं गं चिकटवलंस? माझं सारखं सुटत होतं." मला काहीच सांगता आले नाही. मी म्हटलं, "असंच." ती निघून गेली. त्या पेन्सिली मी वर्षभर वापरल्याच नाहीत.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आई आणि मी कुर्ल्याला गेलो. एस.टी. पहाटे नेहरूनगरच्या स्टँडवर पोचली. बाबा घ्यायला आले होते. बाबा माझ्या काकांकडे राहतात. ती खोली माझ्या आजोबांची. आजोबा कुर्ल्याच्या स्वदेशी मिलमध्ये कामाला होते. ही मिल १८८६ साली जमशेटजी टाटांनी विकत घेतली होती. आता ती बंद आहे. आजोबाही आता नाहीत.

कुर्ल्याच्या चाळीत प्रत्येक दारावर कंदील लागलेले होते. बाबा म्हणाले, "चल, तुला कंदील घेऊ. कुठला पाहिजे ते सांग." मी म्हटलं, "मला विकतचा नको. आपण करू." बाबा हसले. म्हणाले, "अगं, मला नट-बोल्ट कळतात. कागदाचं काम मला काय येतंय?"

तेव्हा काका बोलले. आमचे काका फारसे बोलत नाहीत. ते म्हणाले, "१९८२ साली मुंबईतल्या गिरण्यांचा मोठा संप झाला. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. तुझे आजोबा घरीच होते. पगार नव्हता. दिवाळीला कंदील कुठून आणणार? त्यांनी मोडक्या टोपलीच्या कामट्या काढल्या आणि वर्तमानपत्राचा कंदील केला. मी दोरा धरून बसलो होतो. पुढे नोकरी लागल्यावर मी दरवर्षी कंदील विकत आणला. त्यातला एकही मला आठवत नाही. तो वर्तमानपत्राचा तेवढा आठवतो."

बाबांचा जन्म त्या संपानंतरचा. ही गोष्ट त्यांना माहीतच नव्हती. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं, काय काय लागतं?"

कुर्ल्यात एक चांगले आहे. तिथे कुठलीच वस्तू फुकट जात नाही. मोडकी बादली, जुने पत्रे, पुठ्ठे, बाटल्या, सगळे भंगारात किलोवर विकले जाते. भाजीवाल्याने आम्हांला मोडकी टोपली दिली. तिच्या कामट्या निघाल्या. पतंगी कागदाचे चार ताव आणले, पाच रुपयांना एक. दोरा घरातला. काकूने दोन चमचे गव्हाचे पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळून ढवळून खळ केली. एकूण खर्च वीस रुपये.

बाबा रात्री नऊला कामावरून येत. जेवण झाल्यावर आम्ही बसायचो. पहिल्या रात्री बाबांनी सगळे स्वतःच करायला घेतले. "दे इकडे, तुला जमायचं नाही," असे म्हणून त्यांनी कामट्या माझ्या हातातून घेतल्या. मी नुसती बघत बसले. मला झोप यायला लागली. मग मी म्हटलं, "बाबा, असं केलं तर हा पण गेल्या वर्षीसारखाच कंदील झाला." बाबांना कळेना. तेव्हा मी त्यांना प्रदर्शनाची गोष्ट सांगितली. ते मला रागावले नाहीत. कामट्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "तू बांध. मी धरतो."

पाच सारख्या कामट्यांची एक चांदणी होते. जिथे जिथे कामट्या एकमेकींवरून जातात तिथे दोऱ्याने बांधायचे. अशा दोन चांदण्या करायच्या. त्यांची पाची टोके एकमेकींना बांधायची. मग मधे पाच छोट्या काड्या आडव्या घालायच्या, म्हणजे कंदील फुगतो. नंतर बाहेरून कागद लावायचा. खळ थोडीच लावायची, नाहीतर कागद भिजून फाटतो. बाबांच्या हातून तीनदा फाटला. एवढी मोठी गाडी दुरुस्त करणारे माझे बाबा, पण पतंगी कागदापुढे हरले. आम्ही सगळे खूप हसलो. काका तर डोळे पुसत होते.

दुसऱ्या रात्री कंदील झाला. एक टोक थोडे खाली आले होते. बाबांनी आत एल.ई.डी.चा छोटा दिवा सोडला. तो फारसा तापत नाही. (वायरचे काम मात्र मोठ्या माणसांनीच करावे.) मला आता कोणी विचारले की टोक कसे चिकटवलेस, तर मी सांगू शकते. टोकाला कागद एक बोट जास्त ठेवायचा आणि दोन्ही बाजूंनी दुमडून दाबून धरायचा. वाळेपर्यंत बोट उचलायचे नाही.

आता कोणी म्हणेल, "दिवाळी वर्षातून एकदाच येते. मग बाकीचे दिवस काय करायचे?" म्हणून कमी खर्चाच्या काही वस्तू सांगते.

१) काड्यांचे आकार : हे अरविंद गुप्ता सरांचे काम आहे. ते आधी ट्रकच्या कारखान्यात इंजिनिअर होते. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घ्यायची, तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. काड्यापेटीतल्या काड्यांचे गूल आधी काढून टाकायचे. मग नळीच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसायची. तीन काड्या आणि तीन तुकडे यांचा त्रिकोण होतो. चार काड्यांचा चौकोन होतो. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. रेल्वेच्या लोखंडी पुलांना तिरक्या पट्ट्या का असतात, ते मला यावरून कळले. आमच्या चांदणीच्या टोकांनाही त्रिकोणच आहेत!

२) काड्यापेटीचा टेलिफोन : काड्यापेटीचे दोन खण, मधे लांब दोरा. खणाला भोक पाडून दोरा आत ओवायचा आणि काडीच्या तुकड्याला बांधायचा. दोरा ताणलेला पाहिजे आणि मधे कुठे टेकता कामा नये. बोलले की खण थरथरतो, दोरा थरथरतो आणि पलीकडच्या कानात आवाज येतो. चाळीच्या गॅलरीत एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला बाबा होते. बाबा दोऱ्यातून काय बोलले ते मी सांगणार नाही.

३) वारली चित्र : पालघरकडचे वारली लोक गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चित्रे काढतात. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पीठ आणि पाणी घरात असतेच. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की माणसाचे अंग झाले. वर गोल डोके, मग हात आणि पाय. हे आपल्या आज्यांनाही छान जमेल, कारण त्यांना रांगोळीची सवय आहे.

४) पातीचे भिरभिरे आणि पिपाणी : यासाठी एक पैसाही लागत नाही. नारळाची पात आणि हीर आपल्या दारातच आहेत. हे कसे करतात ते मी लिहीत नाही. घरी जाऊन आजीला विचारा. माझ्या आजीला मी विचारले तेव्हा तिने चुलीवरचे काम ठेवून मला शिकवले.

काही पालक म्हणतील, "आम्हांला वेळ नाही." हे खरे आहे. शेतावर काम असते, मुंबईला नोकरी असते. पण माझे बाबा रात्री नऊला येऊन एक तास बसले. काही म्हणतील, "आम्हांला कला येत नाही." बाबांनाही येत नव्हती. तुम्हांला येत नसेल तर उलट बरे, मग दोघेही शिकतात. काही म्हणतील, "घरात पसारा होतो." पसारा होतो, पण तो आम्ही आवरू.

आणि कोणी म्हणेल, "आमच्या मुलाचा कंदील वाकडा होईल आणि दुसऱ्याचा पहिला नंबर येईल." यासाठी मला गुरुजींना एक विनंती करायची आहे. पुढच्या प्रदर्शनात नुसता कंदील बघून नंबर देऊ नये. कंदिलाशेजारी मुलाला उभे करावे आणि विचारावे, "हे टोक कसे चिकटवलेस?" ज्याने केले असेल त्याला सांगता येईल. मला गेल्या वर्षी सांगता आले नसते.

ज्यांचे आईबाबा लांब असतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. मी आता दर रविवारी बाबांना फोनवर सांगते की या आठवड्यात काय केले. बाबा कुर्ल्याहून मला व्हॉल्व्हची नळी पाठवतात. गॅरेजमध्ये ती खूप पडलेली असते. आता मी सोनेरी कागदाची वाट बघत नाही, नळीची बघते.

शेवटचे एक सांगते. पेन्सिलींची ती पेटी मी सुट्टीनंतर माझ्या मैत्रिणीला द्यायला गेले. सगळी गोष्ट तिला खरी सांगितली. ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला एकटीला नको. वर्गात ठेवू." म्हणून ती पेटी आता चौथीच्या कपाटात आहे. या भित्तिपत्रकाच्या चारी बाजूंनी जी नक्षी दिसते, ती त्याच पेन्सिलींनी आम्ही दोघींनी मिळून काढली आहे. डावीकडे एक रेघ वाकडी गेली आहे, ती माझी.

इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी