भरती धावपटूची की प्रमाणपत्राची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की मुंबईतील महाविद्यालयांच्या जिमखान्यांत एक निराळीच लगबग सुरू होते. गुणपत्रिकेबरोबर प्रमाणपत्रांची फाइल घेऊन मुले-मुली क्रीडा शिक्षकांपुढे उभी राहतात. त्यांत क्रिकेट-कबड्डीवाले पुष्कळ, धावणारे थोडे. या थोड्यांपैकी एखादी मुलगी ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पातून आलेली असली, तर तिला विचारला जाणारा पहिला प्रश्न 'किती सेकंदांत धावतेस?' असा नसतो. 'राज्यस्तरावर खेळली आहेस का?' असा असतो.

हा प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. सारी व्यवस्थाच प्रमाणपत्राभोवती उभी आहे. शालान्त परीक्षेत खेळाडूला मिळणारे, कमाल पंचवीसपर्यंत जाणारे वाढीव गुण प्रमाणपत्रावर मिळतात. शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण, जे २००५ च्या शासननिर्णयाने आले, तेही प्रमाणपत्रावरच. कागदाला इतकी किंमत आली की कागद तयार करणारेही निपजतात. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रे दाखवून नोकऱ्या मिळविल्याची जी प्रकरणे राज्यात उघडकीस आली, ती या व्यवस्थेची स्वाभाविक फळे होत.

परंतु खरा तोटा बनावट कागदाने होतो त्याहून अधिक, कागद नसलेल्याला वगळल्याने होतो. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळेचे उदाहरण पाहावे. बारावीनंतर तो घरच्या गरजेपोटी सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. २०१५ साली, विशीत पोहोचल्यावर, तो तेथे क्रॉसकंट्रीत उतरला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे रौप्य, हांगझाउ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेचे सुवर्ण, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी हे त्याचे पुढचे टप्पे सर्वश्रुत आहेत. बारावीच्या वेळी हा मुलगा मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात फाइल घेऊन गेला असता, तर फाइलीत काय निघाले असते? लांब पल्ल्याच्या धावपटूचे शरीर आणि दम उशिरा पिकतो, ही गोष्ट कोणत्याही जाणत्या प्रशिक्षकाला ठाऊक असते. प्रवेशाच्या नियमांना मात्र ती ठाऊक नाही.

म्हणून महाराष्ट्रात धावपटूची खरी भरती महाविद्यालय करीतच नाही. ती सैन्य करते, रेल्वे करते, सार्वजनिक क्षेत्रातील तेलकंपन्या करतात. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातून आलेली कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य जिंकून गेली. तिला आधार होता ओएनजीसीच्या नोकरीचा. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली. ती रेल्वेची खेळाडू होती. या आस्थापनांचे उपकार मोठे आहेत. पण नोकरी हा शिक्षणाचा पर्याय ठरावा, आणि गरीब घरच्या मुलाने अठराव्या वर्षी पुस्तक की पळणे यांतून एक निवडावे, ही स्थिती समाधानकारक म्हणता येणार नाही.

अमेरिकेतील विद्यापीठे ही निवड करावयास लावत नाहीत. केनियाचा हेन्री रोनो वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा विद्यार्थी असताना १९७८ साली ८१ दिवसांत चार विश्वविक्रम करून गेला. दिल्लीचा तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकत असताना २०१८ साली उंच उडीत तेथील आंतरविद्यापीठ विजेता झाला. तिथला प्रशिक्षक मुलाचे सेकंद पाहतो, पत्र लिहितो, आपल्या वाट्याच्या शिष्यवृत्त्या वाटून देतो. त्याच्या हाती फार असे असे मात्र नाही. वरच्या श्रेणीत पुरुषांच्या मैदानी खेळांच्या संघासाठी अनेक वर्षे अवघ्या १२.६ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि त्यांचे तुकडे करून तीस-चाळीस मुलांत वाटावे लागत. तेथेही धंदा आहे आणि जखमी खेळाडूची उपेक्षाही आहे. तथापि घड्याळाला तेथे प्रमाणपत्राहून अधिक मान आहे, एवढे मान्य करावे लागेल. आपल्याकडे उत्तरेतील काही खाजगी विद्यापीठांनी शुल्कमाफी देऊन खेळाडू गोळा करण्याचा धडाका लावला आहे. त्यांचे लक्ष आंतरविद्यापीठ पदकांवर आणि मौलाना आझाद करंडकाच्या गुणांवर असते. म्हणजे पुन्हा तयार मालच.

तयार करण्याचे काम कोठे व्हावे? ट्रॉम्बेचा भूगोल येथे बोलका आहे. एका बाजूला अणुशक्तिनगराची आखीव, झाडांनी भरलेली वसाहत. तेथे सुरक्षेच्या कारणास्तव बाहेरच्याला मुक्त प्रवेश नाही, आणि ते कारण खोटे नाही. दुसऱ्या बाजूला चीता कॅम्प. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, याच अणुसंशोधन केंद्राच्या वसाहतीच्या जागेसाठी जनता कॉलनी हटवून तेथील हजारो कुटुंबे येथे आणून टाकण्यात आली. तेथील मुलीला कृत्रिम धावपट्टीवर पाय ठेवायचा, तर नेपियन सी रोडचे प्रियदर्शिनी पार्क किंवा कांदिवलीचे क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र गाठावे लागते. बस, मग हार्बरची गाडी, मग आणखी एक बस किंवा गाडी; जाण्या-येण्यात दिवसाचे तीन-चार तास जातात, आणि वर्गातील पंचाहत्तर टक्के हजेरी वेगळीच. सराव करून दमण्यापूर्वीच ती प्रवासाने दमते. चेंबूर-मानखुर्दच्या महाविद्यालयांनी आणि येथील मोठ्या कारखान्यांनी आपली मैदाने आठवड्यातून चार सकाळी जरी आळीपाळीने खुली केली, तरी हा प्रवास निम्म्यावर येईल.

आणि प्रवेशाचे म्हणाल, तर त्यासाठी नवा कायदा नको. शालेय जिल्हा स्पर्धा पावसाळ्यानंतर होतात, प्रवेश पावसाच्या तोंडावर; त्यामुळे महाविद्यालय पाहते ते बहुधा मागच्या वर्षीचे मूल. मे महिन्यातील एका सकाळी मोजलेल्या मैदानावर, दोन घड्याळे हाती घेऊन, विभागातील महाविद्यालयांनी मिळून खुली चाचणी घ्यावी आणि राखीव जागांपैकी काही तिच्या निकालावर भराव्यात. जूनचा दुसरा आठवडा उलटला की मैदानांत चिखल होतो, आणि मग पुन्हा फाइलीच उघडाव्या लागतात.