आधी गावाला विचारूया

इथे फ्रीमाँटला दिवाळीच्या सुमारास आम्ही काही मराठी घरं एकत्र बसतो. विषय ठरलेला: यंदा गावाकडे काय पाठवायचं? दोन वर्षांपूर्वी आष्टी तालुक्यातल्या माझ्या गावी लहान मुलांसाठी प्रोटीन पावडरचे डबे पाठवले. फोटो आले, आम्ही खूश!

पुढच्या वर्षी घरी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, डबे महिन्यात संपले. काही घरांत तर मोठ्यांनीच पावडर दुधात घालून प्यायली. आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं. शेंगदाणे, बाजरी, शेवगा गावात आहेच. वर्षाच्या पोराला ते कसं आणि दिवसातून किती वेळा भरवायचं, हे घरोघरी जाऊन दाखवणारं माणूस हवंय."

मला ओशाळल्यासारखं झालं. कारण याचं उत्तर शेजारच्याच तालुक्यात, जामखेडला, पन्नास वर्षांपूर्वी सापडलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत शिकून १९७० मध्ये तिथे आले. मुलांच्या आजारपणामागे बऱ्याचदा अपुरं खाणं आणि खराब पाणी असतं, हे ओळखून त्यांनी गावांनी निवडलेल्या बायकांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, अनेक जणी दलित वस्तीतल्या होत्या. त्यांनी मुलांची वजनं घेतली, गरोदर बायकांच्या खाण्याबद्दलच्या चुकीच्या समजुती काढल्या. जोडीला शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यातलं मर्म साधं आहे. डॉक्टरांचं सांगणं सुनेला पटतं, पण घरात सासूचं चालतं. तेच शेजारची बाई सांगते, तेव्हा दोघी ऐकतात.

कुणी म्हणेल, अंगणवाडी आहे, आशाताई आहेत, मग आपण कशाला? त्या आहेत म्हणूनच. एका बाईवर शंभर कामं. त्यांच्या हाताशी बचत गटाच्या दोन-तीन जणी शिकवून तयार केल्या, तर गावातल्याच धान्याचा खाऊ घरोघरी करून दाखवता येईल. यंदा आमची वर्गणी या प्रशिक्षणाला आणि त्या बायकांच्या मानधनाला जाणार आहे, तीही सलग तीन वर्षं. आणि फोटो नकोत म्हणून कळवलंय. किती मुलांचं वजन वाढलं, तेवढं सांगा.

तुम्हीही यंदा पैसे पाठवण्याआधी गावी एक फोन करा. सरपंचांना जरूर करा, पण त्याआधी अंगणवाडीच्या ताईंना.