देवळालीचा ताप, येरवड्याचा शेरा

इंग्रजी बोलभाषेत डोके फिरलेल्या माणसाला ‘डुलाली’ म्हणतात. या शब्दाचे मूळ नाशिकजवळच्या देवळालीत आहे. ब्रिटिशांनी १८६१ साली तेथे लष्करी छावणी वसविली. हिंदुस्थानातील नोकरीची मुदत पुरी झालेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथे थांबत. सैन्याच्या बोटी हिवाळी हंगामातच सुटत. ज्याची मुदत हंगाम सरल्यावर संपे, त्याला सारा उन्हाळा-पावसाळा छावणीत काढणे भाग पडे. काम नावापुरते, वेळ अमाप, त्यात उन्हाची काहिली आणि दारू. कित्येकांचे चित्त थाऱ्यावर राहत नसे.

या अवस्थेला शिपायांनी ‘डुलाली टॅप’ असे नाव दिले. हा ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’च होय. फ्रँक रिचर्ड्स या माजी शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत हा वाक्प्रचार आढळतो. पुढे ‘ताप’ गळून पडला आणि गावाचे नाव तेवढे उरले. ही गळती क्षुल्लक नव्हे. ‘ताप’ होता तोवर, हा आजार आहे आणि त्याला कारण आहे, एवढी तरी कबुली त्या शब्दात होती. ती जाताच शिपायाची थट्टा आणि गावाची बदनामी शिल्लक राहिली. माणसांना महिनोन्महिने निरुद्योगी डांबून ठेवणारी लष्करी व्यवस्था मात्र नामानिराळी राहिली!

याबद्दल इंग्रजांना नावे ठेवण्यापूर्वी पुणेकरांनी आपली जीभ तपासावी. ‘याला येरवड्याला पोचवा’ हा शेरा कचेरीत, वर्गात आणि चहाच्या टेबलावर सर्रास ऐकू येतो. येरवड्याच्या मनोरुग्णालयात रोगी उपचारासाठी जातात. बोलण्यात मात्र त्या स्थळाची शिवी झाली आहे. बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो, हे मान्य. परंतु ज्या घरात असा आजार आहे, तेथे हा विनोद लज्जा होऊन पोहोचतो. लज्जेपोटी आजार लपविला जातो, उपचार लांबतो.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याने २०१७ साली मनोरुग्णाचा सन्मानाने जगण्याचा हक्क मान्य केला. पण कायदा पुस्तकात असतो आणि शब्द घराघरात वावरतो. तो शब्द सुधारण्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षकांनी वर्गात आणि वडीलधाऱ्यांनी घरात एवढे केले तरी पुष्कळ होईल.