हिशेब कोणाच्या डिस्कवर?

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, हा हुकूम कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत (सूरह बकरा, २८२) आहे. ते लिखाण लाल वहीतून टॅलीत गेले. आता टॅलीही पेढीवर नको, दूरच्या सर्व्हरवर 'व्हर्च्युअल मशीन' भाड्याने घ्या, असा सल्ला व्यापाऱ्यांना मिळत आहे. सोय चांगली आहे. आमचा विरोध नाही. पण भाडे ठरवताना डिस्कची चौकशी कोणी करीत नाही.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका मोठ्या संगणकात सॉफ्टवेअरने पाडलेले गाळे. डिस्क खाली सामाईकच असते. ती देण्याच्या दोन रीती आहेत. एकीत कबूल केलेली जागा पहिल्या दिवसापासून तुमच्या नावे राखून ठेवतात. दुसरीला 'थिन' म्हणतात. तिच्यात कागदावर १०० जीबी, प्रत्यक्षात वापराल तेवढीच जागा अडते. सहाशे गाठींच्या गोदामात दहा जणांना शंभर-शंभर गाठींची जागा देण्यासारखे हे आहे. एरवी भागते. ईद-दिवाळीचा माल एकदम आला की दार बंद! तसेच खालची डिस्क भरली की तुमच्या गाळ्यात जागा दिसत असूनही मशीन थांबते आणि अर्धवट लिहिलेला हिशेब बिघडू शकतो. थिन वाईट नाही, स्वस्त पडते. पण भरत आलेल्या डिस्कवर नजर कोण ठेवतो, हे विचारलेच पाहिजे.

'स्नॅपशॉट घेतो' या उत्तरावर समाधान मानू नये. स्नॅपशॉट मूळ डिस्कवरच अवलंबून असतो. मूळ गेली की तोही गेला. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली. ज्यांची दुसरी प्रतही तिथेच होती, अशा ग्राहकांचा डेटा कायमचा गेला.

आमगाव, देवरी, सालेकसाच्या किरकोळ दुकानदारांकडची आपली उधारी पुष्कळदा विश्वासावर असते. पुरावा काय तो खातेवहीचा. शिवाय जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. डिस्क भरली होती, ही सबब अधिकारी ऐकणार नाही.

म्हणून जागा राखीव की थिन, हे करारात लिहून घ्यावे. रोजची एक प्रत दुसऱ्या गावी आणि एक आपल्या तिजोरीत ठेवावी. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटचे बिल दिसते का, हे मुनीमजींकडून तपासून घ्यावे.